पोलिसांच्या वहीत नाव लागल्यानंतर

मागील अंकात निरीक्षणगृहांवर, म्हणजे गावोगाव अजूनही ज्यांना ‘रिमांड होम’ म्हटले जाते त्या संस्थांवर, लेख प्रसिद्ध झाल्यापासून या सदराकडे बरीच पत्रे आली. त्यांतील सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे. बहुतेक पत्रांत कोणत्या ना कोणत्या अल्पवयीन मुलाची हकिकत असल्यामुळे पत्रलेखकांची नावे आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

प्रश्न : मी नाशिक जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत नववीची वर्गशिक्षिका आहे. माझ्या वर्गातील एक मुलगा दोन मोठ्या मुलांबरोबर चोरीच्या मोटारसायकलवर फिरताना पकडला गेला. तो घरी परतला आहे, पण इतर पालक त्याच्या हातात दाखला द्या म्हणून अडून बसले आहेत. एकदा या वाटेला लागलेला मुलगा मागे फिरतो का?

उत्तर : बाई, बहुतेक मुले मागे फिरतात. बेल्जियमच्या अडॉल्फ केटले यांनी १८३१ मध्ये फ्रान्सच्या न्यायालयीन नोंदींवरून वय आणि गुन्हा यांचा संबंध मांडला. त्यानंतर देशोदेशी हाच आलेख पुन्हा पुन्हा आढळला आहे : बारा-तेरा वर्षांपासून रेघ चढू लागते, अठराच्या आगेमागे शिखर गाठते आणि पंचविशीच्या पुढे उतरत जाते. ही उतरण मुख्यतः शिक्षेच्या धाकाने येते असे मानण्यास फारसा आधार नाही, कारण ज्यांना कधीच पकडले गेले नाही अशा मुलांतही ती दिसते.

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात मार्व्हिन वुल्फगँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४५ मध्ये जन्मलेल्या ९,९४५ मुलग्यांच्या अठराव्या वर्षापर्यंतच्या पोलीस नोंदी तपासल्या आणि १९७२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे ३५ टक्के मुलांची कधी ना कधी पोलिसांकडे नोंद झाली होती, पण नोंद झालेल्यांपैकी जवळपास निम्म्यांचे नाव त्या वहीत पुन्हा कधीच आले नाही. पाच किंवा अधिक वेळा सापडलेली मुले ६२७ होती आणि नोंदलेल्या एकूण गुन्ह्यांपैकी निम्म्याहून अधिक त्यांच्या नावावर होते. हा आकडा वाचून अनेक देशांतील सरकारांना वाटले की ही मूठभर मुले आधीच हेरून काढावीत. परंतु ती मुले कोण, हे आपल्याला मागाहून कळते. पहिल्या चोरीच्या दिवशी त्या मुलाच्या कपाळावर काही लिहिलेले नसते, आणि आपण लिहायला घेतले तर ते खरे ठरण्याचा धोका वाढतो.

आपल्या प्रश्नाशी सर्वांत जवळचे संशोधन एडिनबरो शहरातील आहे. लेस्ली मकारा आणि सुझन मॅकव्ही या संशोधकांनी १९९८ मध्ये तेथील माध्यमिक शाळांत प्रवेश घेतलेल्या सुमारे ४,३०० मुलामुलींचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला. स्कॉटलंडमध्ये १९७१ पासून बहुतेक अल्पवयीनांची प्रकरणे न्यायालयाऐवजी नागरिकांच्या बाल सुनावणी मंडळांपुढे जातात आणि ती व्यवस्था जगातील सौम्य व्यवस्थांपैकी एक मानली जाते. तरीही सारखीच पार्श्वभूमी आणि सारखेच वर्तन असलेल्या मुलांच्या जोड्या लावून पाहिल्यावर असे दिसले की सुनावणीपर्यंत नेली गेलेली मुले, न नेलेल्या मुलांच्या तुलनेत, एका वर्षानंतर गंभीर गैरवर्तनात अधिक प्रमाणात गुंतलेली होती. मुलाला यंत्रणेत जितके खोल ओढावे तितके त्याचे बाहेर पडणे लांबते, हा या अभ्यासाचा निष्कर्ष स्कॉटलंडच्या धोरणापर्यंत पोहोचला. पुढील आयुष्यावर परिणाम करणारे जे क्षण या संशोधकांनी नोंदवले, त्यांत शाळेतून काढले जाणे ठळकपणे येते.

आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्यानुसार आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. नववीपासून ते संरक्षण संपते, म्हणजे चढत्या रेघेच्या नेमक्या वयात शाळेचे हात मोकळे होतात. अल्पवयीनांची गुन्ह्याची प्रकरणे ज्यापुढे येतात त्या बाल न्याय मंडळावर मी सामाजिक कार्यकर्ती सदस्य म्हणून तीन वर्षे बसले, आणि पुढ्यात आलेल्या किती मुलांचा शाळेशी संबंध त्याआधीच तुटलेला होता हे आठवले की अजूनही अस्वस्थ होते. आपल्या मुलाला वर्गात ठेवा आणि पालकांच्या सभेत हे सर्व सांगा. त्याला पुढच्या बाकावर बसवून रोज उलटतपासणी घेण्याची गरज नाही. तो शाळेत येत राहणे, आणि न आल्यास कोणीतरी घरी जाऊन चौकशी करणे, एवढे पुष्कळ आहे.

प्रश्न : सांगली जिल्ह्यातील आमच्या गणेशोत्सव मंडळाने परिसरातील पंधरा-वीस वाह्यात मुलांना कारागृह दाखवून आणावे आणि नंतर त्यांचे निवासी शिबिर घ्यावे असे ठरवले आहे. आपले मत काय?

उत्तर : आपला हेतू चांगला आहे, पण हे दोन्ही उपक्रम करू नयेत असे मी आग्रहाने सांगते. न्यू जर्सीतील राहवे तुरुंगात १९७०च्या दशकात जन्मठेपेचे कैदी मुलांसमोर ओरडून तुरुंगातील भयानक वास्तव सांगत. त्यावरील चित्रपट गाजला आणि ठिकठिकाणी अनुकरण सुरू झाले. जेम्स फिंकेनॉअर यांनी तेथे जाऊन आलेल्या आणि न गेलेल्या मुलांची तुलना केली, तेव्हा जाऊन आलेल्यांचे पुढचे वर्तन अधिक वाईट निघाले. पुढे अँथनी पेट्रोसिनो आणि सहकाऱ्यांनी अशा नऊ प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र केले. त्या सर्व प्रयोगांत कोणाला न्यायचे आणि कोणाला नाही हे नशिबावर सोडलेले होते, त्यामुळे तुलना भरवशाची होती. एकंदर परिणाम अपायाचाच दिसला.

शिबिराविषयीही असाच अनुभव आहे. बॉस्टनजवळील केंब्रिज आणि सॉमरव्हिल या गावांत १९३९ पासून काही वर्षे ५०६ मुलांवर एक मोठा प्रयोग झाला. निम्म्या मुलांना समुपदेशक, शिकवणी, वैद्यकीय मदत आणि उन्हाळी शिबिरे मिळाली. उरलेल्यांना यांपैकी काही मिळाले नाही. तीस वर्षांनंतर जोन मॅकॉर्ड यांनी दोन्ही गटांचा शोध घेतला, तेव्हा मदत मिळालेल्यांची स्थिती काही बाबतींत अधिक वाईट होती. नंतरच्या विश्लेषणात हा अपाय मुख्यतः एकाहून अधिक वेळा शिबिरांना पाठवलेल्या मुलांत दिसला. वांड समजली जाणारी मुले एकत्र ठेवली की ती एकमेकांच्या पराक्रमांना दाद देतात. तुमच्या मंडळाचे ढोल-ताशा पथक असेल तर ही मुले दोन-दोन, तीन-तीन करून त्यात सामावून घ्या, जेथे बाकीची मुले वेगळी आणि वडीलधारी माणसे रोज हजर असतील. ‘वाह्यात’ मुलांची यादी मात्र फाडून टाका.

प्रश्न : मी कोल्हापूरचा निवृत्त बँक कर्मचारी आहे. पुण्यात मे २०२४ मध्ये भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचे प्राण घेतले आणि सतरा वर्षांच्या मुलाला निबंध लिहिण्याच्या अटीवर जामीन मिळाला, हे आपण सर्वांनी वाचले. सोळा वर्षांच्या पुढील मुलांना सरसकट प्रौढांचा कायदा का लावू नये?

उत्तर : कल्याणीनगरच्या त्या घटनेनंतर उसळलेला संताप मला परका नाही. ३०० शब्दांच्या निबंधाची अट वाचून मीही सुन्न झाले होते. दोन घरांतील तरणीताठी मुले गेली असताना कायद्याने आपले गांभीर्य दाखवायला हवे होते, ही अपेक्षा रास्त आहे. पण आपला प्रश्न सरसकट कायद्याविषयी आहे आणि त्याचे उत्तर एका प्रकरणावरून देता येत नाही.

प्रथम आजचा कायदा पाहू. बाल न्याय अधिनियम २०१५ हा डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या घटनेनंतर झालेल्या वादातून आला आणि जानेवारी २०१६ मध्ये लागू झाला. त्या घटनेनंतर नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीने अठराची मर्यादा खाली आणू नये असे सांगितले होते. तरीही संसदेने सोळा ते अठरा वयोगटासाठी एक वेगळा दरवाजा उघडला. गुन्हा ‘अतिगंभीर’ असेल, म्हणजे त्यासाठी किमान सात वर्षांची शिक्षा ठरलेली असेल, तर मंडळ त्या मुलाची मानसिक आणि शारीरिक क्षमता, परिणामांची समज आणि गुन्ह्याची परिस्थिती यांचे प्राथमिक मूल्यांकन करते आणि योग्य वाटल्यास प्रकरण बाल न्यायालयाकडे पाठवते. तेथे प्रौढाप्रमाणे खटला चालू शकतो. ज्या गुन्ह्यांना कमाल शिक्षा सात वर्षांहून अधिक आहे, पण किमान शिक्षा ठरलेली नाही किंवा ती सात वर्षांहून कमी आहे, ते या दरवाजातून जाऊ शकत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये स्पष्ट केले आणि २०२१ च्या दुरुस्तीने ते कायद्यातही आले. पुण्याच्या प्रकरणात त्या मुलावर प्रौढाप्रमाणे खटला चालवण्याची पोलिसांची विनंती मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली.

आता संशोधनाकडे येऊ. न्यू यॉर्क आणि न्यू जर्सी ही एकमेकींना लागून असलेली राज्ये. महानगर एकच, गरिबी आणि गुन्हे यांचे स्वरूपही सारखे, पण १९८०च्या दशकाच्या आरंभी पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने जबरी चोरी केली तर न्यू यॉर्कमध्ये त्याच्यावर प्रौढांच्या न्यायालयात खटला चाले आणि न्यू जर्सीत मुलांसाठीच्या वेगळ्या, सौम्य न्यायालयात. जेफ्री फेगन यांनी दोन्हीकडच्या मुलांची तुलना करून १९९६ मध्ये निष्कर्ष मांडले. जबरी चोरीच्या प्रकरणांत प्रौढ न्यायालयातून गेलेली मुले अधिक प्रमाणात आणि लवकर पुन्हा पकडली गेली. घरफोडीच्या प्रकरणांत म्हणण्याजोगा फरक दिसला नाही. फ्लोरिडातील अभ्यासांनीही याच दिशेने बोट दाखवले. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रांच्या साहाय्याने काम करणाऱ्या स्वतंत्र कृतिगटाने २००७ मध्ये उपलब्ध संशोधन तपासून, हिंसा कमी करण्याचा उपाय म्हणून मुलांना प्रौढांच्या व्यवस्थेत पाठवू नये अशी शिफारस केली. ज्या देशाने हा मार्ग सर्वांत मोठ्या प्रमाणावर चोखाळला, तेथून आलेला हा पुरावा आहे, आणि म्हणून मी त्याला मोठे वजन देते.

आपल्या पत्रात ‘मुलांनी देश पेटवला आहे’ असे एक वाक्य आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार देशात अल्पवयीनांविरुद्ध वर्षाला साधारण ३० हजार गुन्हे नोंदले जातात, म्हणजे एकूण नोंदलेल्या गुन्ह्यांच्या एका टक्क्याहूनही कमी. त्यांत मोठा वाटा चोरी आणि मारामारी यांचा असतो. आपण सुचवता तो कायदा झाला तर त्याचा भार बहुतांशी मोबाइल उचलणाऱ्या आणि भांडणात दगड मारणाऱ्या मुलांवर पडेल, ज्यांच्या आया मंडळाच्या तारखेसाठी दिवसाची रोजी बुडवून व्हरांड्यात बसलेल्या मी पाहिल्या आहेत. श्रीमंत घरातील मुलाला चांगला वकील दोन्ही कायद्यांत मिळतोच.

प्रश्न : मी सोलापूर जिल्ह्यातील पारधी समाजातील पदवीचा विद्यार्थी आहे. जवळपास कुठेही चोरी झाली की आमच्या वस्तीवरील पोरांना पहिल्यांदा उचलतात. हे फक्त आम्हालाच वाटते का, की यावर अभ्यास झाला आहे?

उत्तर : आपल्याला जे वाटते त्याला संशोधनाचा भक्कम आधार आहे. विल्यम चॅम्ब्लिस यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील एकाच शाळेतील दोन टोळक्यांचे निरीक्षण होते. पहिल्या टोळक्यात बऱ्या घरांतील आठ मुले होती. ती शाळा चुकवत, दारू पिऊन गाडी चालवत, मोडतोड करत. पण स्वतःची गाडी असल्यामुळे लोकांच्या नजरेआड जात आणि पोलिसांसमोर नम्रपणे बोलत. दुसऱ्या टोळक्यात गरीब घरांतील सहा मुले होती. ती नाक्यावरच उभी राहत आणि उद्धट उत्तरे देत. दोघांच्या वागण्यात फार अंतर नव्हते, तरी पहिल्यांपैकी एकालाही कधी अटक झाली नाही आणि दुसरी मुले सतत पोलिसांच्या हाती लागत. एडिनबरोतही हेच निघाले : गैरवर्तनाचे गांभीर्य सारखे असताना गरीब घरातील, रस्त्यावर वावरणाऱ्या आणि आधी एकदा नोंद झालेल्या मुलांवर कारवाई होण्याची शक्यता जास्त होती. तीच ती मुले यंत्रणेत पुन्हा पुन्हा फिरवली जातात, असे त्या संशोधकांनी लिहिले. म्हणूनच पोलिसांचे आकडे वाचताना ते पोलिसांच्या कामाचेही आकडे आहेत हे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगत आले.

आपल्या बाबतीत तर ही नोंद जन्माआधीच झालेली होती. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने, आणि तो १९११ मध्ये मुंबई इलाख्यालाही लागू झाल्यावर, अख्ख्या जमातींची नावे वहीत चढली. हजेरी, दाखला आणि या जमातींना डांबून ठेवणाऱ्या सोलापूरच्या सेटलमेंटचे (वसाहतीचे) तारेचे कुंपण यांच्या आठवणी आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांनी ऐकलेल्या असतील. लेकरांना आईवडिलांपासून वेगळे ठेवण्याची तरतूदही त्या कायद्यांत होती. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला, पण सराईत गुन्हेगारांविषयीच्या कायद्यांनी तीच नजर पुढे चालू ठेवली. समाजशास्त्रात ज्याला शिक्का मारणे म्हणतात, त्याचे इतके उघड आणि कायदेशीर उदाहरण जगात क्वचितच सापडेल. या विषयावर आपल्या समाजातील तरुणांनी स्वतः संशोधन करावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

तोवर वस्तीवर सर्वांना ठाऊक असाव्यात अशा काही गोष्टी लिहून ठेवा. अठरा वर्षांखालील मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. त्याला बेड्या घालता येत नाहीत. चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ वगळून, त्याला बाल न्याय मंडळापुढे हजर करावे लागते आणि पालकांना कळवावे लागते. गुन्हा अतिगंभीर नसेल आणि त्यात प्रौढ साथीदार नसेल, तर २०१६ च्या आदर्श नियमांनुसार प्रथम खबरी अहवाल (एफआयआर) न नोंदवता दैनंदिन नोंदवहीत नोंद करायची असते. पालकांनी वयाचा पुरावा हाताशी ठेवावा, कारण पहिला वाद तेथेच होतो.

प्रश्न : मी समाजशास्त्रात एम. ए. करते. निरीक्षणगृहातील मुलांच्या मुलाखती घेऊन ‘मुले गुन्हेगार का बनतात’ या विषयावर प्रबंध लिहायचा आहे. मार्गदर्शन करावे.

उत्तर : विषयाच्या शब्दांतच एक अडचण आहे. निरीक्षणगृहात भेटतात ती पकडली गेलेली आणि जामिनावर न सुटलेली मुले. न पकडलेली, समज देऊन सोडलेली आणि पालकांनी त्याच दिवशी सोडवून नेलेली मुले तेथे नसतात. त्यामुळे त्यांच्या मुलाखतींवरून ‘का बनतात’ याचे उत्तर मिळणार नाही. ‘यंत्रणेत कोण अडकून राहते आणि कसे’ याचे मात्र उत्तम उत्तर मिळेल. तोच विषय घ्या. महिला व बालविकास विभागाची लेखी परवानगी, विद्यापीठाच्या नैतिकता समितीची संमती आणि मुलाची स्वतःची संमती या तिन्हींशिवाय आत पाऊल टाकू नका. मुलाने नकार दिला तर अधीक्षकांकरवी त्याला राजी करू नका. अधिनियमाच्या ७४व्या कलमाने ओळख उघड करण्यास मनाई आहे. तेव्हा नाव बदलून गाव, शाळा आणि गुन्ह्याची तारीख तशीच ठेवणे ही फसवी गोपनीयता ठरेल. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या ‘प्रयास’ या १९९० पासून चालू असलेल्या प्रकल्पातील कार्यकर्त्यांशी बोललात तर क्षेत्रकामाची कल्पना येईल.

दीर्घकालीन अभ्यासाचे आकर्षण प्रत्येक विद्यार्थ्याला असते. शेल्डन आणि एलिनॉर ग्लूक या दांपत्याने १९४० पासून बॉस्टनमधील ५०० विधिसंघर्षग्रस्त, म्हणजे गुन्ह्यात सापडलेल्या, आणि ५०० इतर मुलग्यांची माहिती जमवली होती. ते कागद हार्वर्डच्या विधी ग्रंथालयाच्या तळघरात खोक्यांत पडून होते. १९८०च्या दशकात जॉन लॉब यांना ते सापडले. रॉबर्ट सॅम्पसन यांच्यासह त्यांनी ते नव्याने अभ्यासले आणि त्यांतील काही जणांना सत्तरीच्या उंबरठ्यावर गाठून बोलते केले. स्थिर नोकरी, जिव्हाळ्याचा संसार आणि काहींच्या बाबतीत सैन्यातील भरती, यांनी आयुष्याची दिशा बदलल्याचे त्यातून दिसले. आपल्याकडे असा अभ्यास अवघड आहे, कारण ठरावीक काळानंतर मुलाच्या प्रकरणाचे कागद नष्ट करावेत असेच कायदा सांगतो. संशोधक म्हणून मला याची हळहळ वाटते. तरीही मुलाचे हित आणि आपली जिज्ञासा यांत कायद्याने मुलाच्या बाजूने कौल दिला, हे मला मान्य आहे.

प्रश्न : माझा मुलगा सोळा वर्षांचा असताना मारामारीच्या प्रकरणात मंडळापुढे गेला होता. समज देऊन आणि समुपदेशन करून त्याला सोडले. आता तो पोलीस भरतीची तयारी करतो आहे. अर्जात पूर्वीच्या गुन्ह्याची माहिती मागितली आहे. त्याचे आयुष्य अडेल का?

उत्तर : ताई, घाबरू नका. बाल न्याय अधिनियमाच्या २४व्या कलमानुसार अल्पवयात घडलेल्या कृत्यामुळे पुढे कोणतीही अपात्रता येत नाही. याला अपवाद आहे तो सोळा वर्षांवरील ज्या मुलावर बाल न्यायालयात प्रौढाप्रमाणे खटला चालून दोष सिद्ध झाला त्याचा. आपल्या मुलाचे प्रकरण मंडळातच संपले असल्यामुळे तो अपवाद त्याला लागत नाही. केंद्रीय सुरक्षा दलातील भरतीच्या अशाच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये उमेदवाराच्या बाजूने निकाल दिला आहे. तरी अर्जातील प्रश्न नेमका कोणत्या शब्दांत विचारला आहे यावर बरेच अवलंबून असते, म्हणून तो आपल्या अंदाजाने भरू नये. मंडळाच्या अंतिम आदेशाची प्रमाणित प्रत घ्या आणि ती व अर्ज दोन्ही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाला दाखवा. हे कार्यालय बहुधा जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असते, आणि स्त्रियांना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. मंडळाने नोंदी नष्ट करण्याचा आदेश दिला होता का हे त्या प्रतीत पाहा. दिला नसेल तर तसा अर्ज करा. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.